कॉकपिटमधले मेरिट

आरक्षणाचा विषय निघाला की "मग विमानही कोट्यातला पायलट चालवणार का?" हा प्रश्न ठरलेलाच. आम्ही म्हणतो, आधी तेनेरिफ आठवा. १९७७ साली तिथल्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून ५८३ माणसे मेली. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला सर्वांत नावाजलेला; फ्लाइट इंजिनिअरची शंका त्याने झटकून टाकली. (उतरंड अशीच माणसे मारते.) आज क्षमताधारित प्रशिक्षणात वैमानिकाचा संवाद, सहकार्य, निर्णयक्षमता शिकवतात आणि तपासतातही. जन्मजात गुणवत्ता त्या यादीत नाही. परवान्याची परीक्षा तर सगळ्यांना एकच. पण तिथवर पोहोचायला आपल्याकडे ४०-५० लाख रुपये तरी लागतात. बापाची ही ऐपत कोणत्या क्षमतेत मोडते, ते मेरिटवाल्यांनी आम्हाला सांगावे.