सोलापूरची ज्वारी आणि सोलापूरचे ताट

पौषाच्या थंडीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून जाणाऱ्या माणसास दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीची ज्वारी डोलताना दिसते. ज्वारीचे कोठार म्हणून या तालुक्याची ख्याती जुनी आहे. तेथील मालदांडी ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याच रानाच्या मालकाच्या घरी दुपारच्या ताटात काय वाढले जाते, हे पाहिले तर पुष्कळदा रास्त भावाच्या दुकानातील गव्हाची पोळी आणि पांढरा भात दिसतो. सकाळी मुलांच्या हाती चहाबरोबर मैद्याची खारी किंवा बिस्किटाचा पुडा असतो. पिकलेली ज्वारी बार्शी किंवा सोलापूरच्या आडतीवर गेलेली असते, आणि कडबा तेवढा गोठ्यात राहिलेला असतो. जनावराच्या वैरणीची जेवढी चिंता वाहिली जाते, तेवढी घरच्या माणसांच्या आहाराची वाहिली जात नाही, असे म्हटले तर ते कटू वाटेल. पण खोटे ठरणार नाही.

याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यान्वये पात्र कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळू लागले. कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे. तथापि बहुतेक महिने पिशवीत पडतात ते गहू आणि तांदूळच. उलट चांगल्या मालदांडीस शहरात मागणी वाढली आहे. जे महाग विकते ते विकावे आणि जे फुकट मिळते ते खावे, हा हिशेब व्यवहाराला धरूनच आहे. शिवाय ज्वारीची काढणी हाताने उपटून करावयाची, त्यास मजूर मिळत नाहीत. पाखरे राखावयास माणूस लागतो. आणि उजनीचे पाणी जेथे पोचले तेथे उसाने ज्वारीची जागा घेतली. हे सारे ध्यानात न घेता गावोगाव “भाकरी खा” असा उपदेश करीत फिरणे व्यर्थ होय.

आणखी एक कारण मनातील आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या पिढीत गव्हाची पोळी ही सुस्थितीची खूण ठरली. ताकातल्या कण्या, हुलग्याचे माडगे, आंबील ही नावे गरिबीशी जोडली गेली. पाहुणा आला असता भाकरी वाढावयास गृहिणी संकोचते, ते यामुळेच. गंमत अशी की, याच भाकरीसाठी पुण्या-मुंबईचे लोक भोजनालयात जादा पैसे मोजतात, आणि हुरड्याच्या दिवसांत मोटारी करून रानात येतात.

आता भाकरीत असे काय आहे, ते पाहू. धान्याच्या सालीत व कोंड्यात जो तंतुमय भाग असतो, ज्यास जुनी माणसे चोथा म्हणत, तो माणसाच्या पोटात पचत नाही. न पचणारा पदार्थ निरुपयोगी, अशी एके काळी समजूत होती. ती चुकीची ठरली आहे. हा भाग पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कोठा साफ राहतो. जेवणातील साखर रक्तात एकदम न उतरता सावकाश उतरते. पोट लवकर भरल्यासारखे वाटते, आणि मोठ्या आतड्यातील उपकारक जंतूंना त्यावर पोषण मिळते. प्रौढ माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतुमय भाग नैसर्गिक अन्नातून घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत हा भाग सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११ ग्रॅमहून थोडा अधिक, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमहूनही कमी असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अलीकडे भाकरीविषयी वाटेल ते दावे ऐकू येतात. त्याच कोष्टकांत न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही सुमारे ११ ग्रॅम तंतुमय भाग दिला आहे. म्हणजे गहू हा शत्रू नव्हे. कोंडा चाळून टाकलेला गहू, मैदा आणि पांढरा तांदूळ यांनी ताट व्यापणे, ही खरी अडचण आहे. ज्याच्या घरी रेशनचा गहूच येतो, त्याने पीठ न चाळता पोळ्या केल्या तरी निम्मे काम झाले. ज्वारीने मधुमेह बरा होतो असे सांगणाऱ्याने तर तोंड आवरावे. भाकरीमुळे पथ्य सांभाळणे सोपे जाते, औषध बंद करता येत नाही. मग ज्वारीचाच आग्रह का? तर ती कोरडवाहू रानात केवळ मुरलेल्या ओलीवर येते, जनावरास कडबा देते, आणि तिच्याबरोबर डाळी, उसळी, पालेभाज्या व तेलबियांची चटणी ताटात आपोआप येते म्हणून. भाकरी कोणी नुसती खात नाही. बिस्किट मात्र नुसतेच खाल्ले जाते.

एका प्रौढ माणसाचा दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. सत्तर ग्रॅम पिठाची एक, अशा तीन भाकरी खाल्ल्या तर २१ ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून साडेचार ग्रॅम. शंभर ग्रॅम मेथीतून जवळजवळ पाच ग्रॅम. वीस ग्रॅम शेंगदाण्याच्या चटणीतून दोन ग्रॅम. बेरीज ३२ च्या वर जाते, आणि यात एकही जिन्नस दुकानातून डब्यात भरून आणावा लागत नाही. भाकरीच्या जागी तितकाच पांढरा तांदूळ ठेवला तर २१ च्या ठिकाणी सहा उरतात.

आता सोयीचा प्रश्न. भाकरी करणे कष्टाचे आहे, असे गृहिणी म्हणतात, आणि ते खरे आहे. पाच माणसांच्या घरी रोज पंधरा भाकरी थापावयाच्या, तर तास चुलीपुढे जातो. या कष्टाचा विचार जो कार्यकर्ता करीत नाही, त्याचे भाषण बायका हसून ऐकतात आणि सोडून देतात. म्हणून कष्ट कोठे वाचतात ते आधी सांगावे.

पहिली गोष्ट पिठाची. गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते, त्यामुळे पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही. ज्वारीच्या पिठास जी चिकटी येते, तिला विरी म्हणतात, आणि पीठ शिळे झाले की विरी जाते. मग भाकरी थापताना कडा फाटतात, आणि दोष सुनेच्या हातास दिला जातो. आठ-दहा दिवस पुरेल इतकेच दळण आणावे. जास्त दिवस ठेवलेले पीठ कडवटही होते. दळणाचा डबा गिरणीत नेण्याचे काम घरातील पुरुषांनी करावे, त्यात कमीपणा नाही. पीठ थंड पाण्याऐवजी कढत पाण्यात भिजवावे. उष्णतेने पिठातील पिष्ट फुगते व गोळा बांधून येतो. ज्यांना थापणे जमत नाही त्यांनी ही उकड चांगली मळून लाटावी. सासूबाईंना ते रुचणार नाही, पण भाकरीच्या गुणात त्याने काही उणे येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, रोज भाकरीच हवी असे नाही. सोलापूरची कडक भाकरी हा तर या जिल्ह्याने शोधलेला उत्तम तोडगा आहे. पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळवली की कोरड्या डब्यात पुष्कळ दिवस टिकते. एका सवडीच्या दिवशी केलेली भाकरी घाईच्या दिवशी आमटीत कुस्करून खाता येते. शेजारच्या बचत गटातील बायका ती विकत असतील, तर विकत घेण्यातही कमीपणा मानू नये. धपाट्याचे पीठ ताकात भिजवून, त्यात बेसन, चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात, तीळ घालून ओल्या फडक्यावर थापले की पोरे चटणीबरोबर आवडीने खातात, आणि शाळेच्या डब्यासही ते सोयीचे पडते. शेंगोळे तर एकाच भांड्यात होतात. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ मिसळून वळावे आणि लसूण, जिरे, तिखट घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडावे. धान्य, कडधान्य आणि रस्सा एकदमच तयार होतो. कण्या भातासारख्या शिजवून ताकाबरोबर घ्याव्या. रात्रीच्या जेवणात भाताच्या जागी आठवड्यातून तीनदा कण्या आल्या, तरी तेवढा फरक पुरेसा मोठा आहे. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती खारीऐवजी ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले शेंगदाणे द्यावेत.

भाजीचा प्रश्न निघाला की, “विकतची भाजी परवडत नाही,” असे उत्तर येते. तेव्हा शेतकऱ्यास त्याच्याच रानाची आठवण करून द्यावी. करडईची विरळणी करताना जी रोपे उपटून बांधावर टाकली जातात, ती कोवळी असताना उत्तम भाजी होते. हरभऱ्याचे शेंडे खुडले असता फुटवे वाढतात, आणि खुडलेला पाला घरी येतो. जास्त झाला तर वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवता येतो. बांधावर शेवग्याचे एक झाड असले तर पाल्याची ददात राहत नाही. शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात आठ ग्रॅमपेक्षा अधिक तंतुमय भाग आहे. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगे यांची मिसळीची भाजी या जिल्ह्यात घरोघरी होते. अक्कलकोट-बार्शीकडे वेळ अमावस्येस रानात भज्जी आणि आंबील असते. सणाच्या एका दिवशी जे ताट सर्वांना गोड लागते, ते वर्षाच्या इतर दिवशी मागासलेले कसे ठरते, हे समजणे कठीण आहे.

काही सावधगिरी मात्र राखावी. ज्यांना चोथ्याची सवय राहिलेली नाही त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी भरपूर प्यावे; नाहीतर पोट फुगते, आणि दोष भाकरीवर येतो. अगदी लहान मुलाचे पोट इवलेसे असते. त्यास नुसत्या कोंडायुक्त अन्नाने भरले तर पुरेसे पोषण आत जात नाही. त्याला मऊ कुस्करलेली भाकरी दूध, तूप किंवा दाण्याच्या कुटाबरोबर द्यावी. धान्यात लोह असले तरी त्यातील फायटेटमुळे ते अंगी कमी लागते. मटकीस मोड आणल्याने ही अडचण थोडी दूर होते. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय सोडावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीवर आणि कपभर चहावर जी भागवते, ती हीच स्त्री होय. घरात ज्वारी आली पण तिच्या ताटात आली नाही, तर वरील सारा हिशेब कागदावर राहील.

आता शेताचा हिशेब. पाच माणसांच्या घरी माणशी दोनशे ग्रॅम धरले तर रोज एक किलो, म्हणजे वर्षाला चार क्विंटलपेक्षा थोडी कमी ज्वारी लागते. बऱ्या सालात मध्यम ते भारी जमिनीच्या एका एकरात एवढे पीक येणे अवघड नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले आहेत. हुरड्यासाठी फुले मधुर व लाह्यांसाठी फुले पंचमी हे वेगळे वाण आहेत. मालदांडीची ३५-१ ही निवड तर याच जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर झालेली. रब्बीचे पीक कोरड्या हवेत पक्व होत असल्याने दाणा पांढरा, टपोरा राहतो; खरिपातील ज्वारी पावसात सापडून काळी पडते, तसे येथे होत नाही. उसाचे सारे रान मोडा, असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. परंतु घरखर्चापुरता एक एकर ज्वारीस ठेवावा, आणि मळणी झाली की विक्रीच्या आधी चार क्विंटल कणगीत ओतून मगच गाडी आडतीस न्यावी, एवढे सांगणे रास्त आहे. फुकटचा गहू घेऊ नये असे नाही. तो पोळीसाठी, सणावारासाठी आहेच.

हे सांगण्याची जागा कोणती, याचाही विचार व्हावा. आहाराची चर्चा अंगणवाडीत बायकांपुढे आणि पेरणीची चर्चा चावडीवर पुरुषांपुढे, अशी वाटणी बहुतेक गावांत झालेली आहे. घरी किती ज्वारी ठेवावयाची हे पुरुष ठरवतो, आणि त्या ज्वारीचे काय करावयाचे हे बाईस ठाऊक असते. दोघे एका बैठकीस बसल्याखेरीज हा प्रश्न सुटणार नाही. कृषी खात्याचा कार्यकर्ता आणि अंगणवाडी सेविका यांनी ही बैठक एकत्र बोलवावी, आणि ती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ. हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर कोणत्या रानात काय पेरावयाचे हे ठरून गेलेले असते, आणि त्यानंतर सांगितलेली भाकरीची महती पुढल्या वर्षापर्यंत कोणाच्याच उपयोगी पडत नाही.