हावरटपणा नव्हे, आजाराचंच अंग

स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाचं खाणं वाढलं की घरात पहिला निकाल आईचा असतो: ‘पोटभर जेवतोय, म्हणजे बरा होतोय.’ वर्षभरात शर्टाची बटणं लागेनाशी होतात आणि निकाल फिरतो: ‘जिभेवर ताबाच नाही.’ मला दोन्ही निकाल अमान्य आहेत.

भूक लागणं हे बरेपणाचं लक्षण, हा नियम तापातून उठलेल्याला लागू. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही या आजारावरची औषधं मेंदूतल्या हिस्टामिन-सेरोटोनिनच्या वाटा अडवतात. मग कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही. 1999 साली अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले, तेव्हा या औषधांवर 10 आठवड्यांत सरासरी 4 किलोंहून जास्त वजन वाढल्याचं दिसलं. ‘आमचा तसा बारीकच आहे’ हा दिलासा तर पुणेकरांनी देऊच नये. इथल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. अशा बारीक दिसणाऱ्या अंगावर ही औषधं चालू होतात.

सगळा दोष गोळ्यांवर टाकणंही चूक. पहिलं मनोविकारविरोधी औषध 1952 मधलं. त्याच्या कितीतरी आधी जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने या रुग्णांत अन्नाला साफ नकार देण्यापासून बकाबका गिळण्यापर्यंतचे प्रकार नोंदवले होते. म्हणून ‘गोळ्याच बंद करू’ हा तिसरा निकाल सगळ्यांत घातक. वजन उतरेल न उतरेल, आजार उलटण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

आणि न जेवणाऱ्याचं काय? ‘भाजीत काहीतरी घातलंय’ असा ज्याला संशय, त्याच्याच वरणात गोळी कुटून घालणारी घरं आहेत. हतबलता समजते, पण त्या दिवशी त्याचा संशय आपणच खरा करतो. त्याला कळलं की औषध तर सुटतंच, आईच्या हातचं जेवणही सुटतं.

‘देवराई’ चित्रपटाने 2004 मध्ये मराठी घरांना भास-भ्रमांची ओळख करून दिली; ताटाकडे मात्र अजून कुणी आजार म्हणून बघत नाही. बघायचं कसं, यात गूढ काही नाही. औषध सुरू करण्याआधी वजन, कंबर, साखर आणि चरबीची तपासणी. तीन महिन्यांनी पुन्हा. कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की लगेच बोलायचं. मेटफॉर्मिन देता येतं, कधी औषध बदलता येतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. रात्री उठून डबे उघडतो का, हे त्यांना शुभंकरांनी, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांनी, न लाजता सांगावं, आणि डॉक्टरांनी शुभार्थीला, म्हणजे रुग्णाला, थेट विचारावं. ओपीडीत गर्दी असते, हे मान्य. पण 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवा म्हणतो. मग मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात असतो तसा वजनकाटा मनोविकारतज्ज्ञाच्या टेबलाशेजारीही हवा.