कुलूप आपलं, किल्ली कंपनीची

सरळ मुद्द्यावर येतो. नांदेड-लातुरातल्या कोणत्याही पतसंस्थेत, नागरी बँकेत किंवा कॉलेजात जाऊन विचारा, "कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काय केलंय?" उत्तर ठरलेलं: "साहेब, सगळं क्लाउडवर टाकलंय, मोठ्या कंपनीचं घेतलंय." विषय संपला! मोठ्या कंपनीचं नाव म्हणजे आपल्याकडं गंडादोरा झालाय. मनगटाला बांधला की काळजी मिटली.

आता या गंड्यादोऱ्याची करामत बघा.

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या नावाजलेल्या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. हॅकर कोणीच नव्हता. राखणदारानंच वाड्याला कडी घातली.

जुलै २०२५. नायरा एनर्जीचे पेट्रोल पंप तुम्ही पाहिले असतील. या कंपनीत रशियन हिस्सेदारी आहे म्हणून युरोपीय संघानं निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टनं तिची ईमेल वगैरे सेवा तोडली. कंपनी भारतातली, डेटा तिचा, भारताचा कुठला कायदा मोडल्याचा ठपका नाही. तरी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, त्यानंतर सेवा सुरू झाली. एवढ्या बड्या रिफायनरीवाल्याची ही गत, तर आपल्या पतसंस्थेचा फोन तिकडं कोण उचलणार?

ब्राउझरचंही तेच. क्रोम फुकट आहे म्हणून आपण खूश. पण आपलंच सर्च इंजिन आधीपासून लावलेलं असावं यासाठी गुगलनं २०२१ या एका वर्षात २,६०० कोटी डॉलरहून जास्त पैसे इतर कंपन्यांना वाटले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी ही बेकायदा मक्तेदारी ठरवली. याच कंपनीनं 'सुरक्षेसाठी' म्हणून क्रोमचे नियम बदलले आणि यूब्लॉक ओरिजिनसारखं जाहिराती अडवणारं साधन बंद पडलं. जाहिरातींवर जगणाऱ्यानंच ठरवायचं की जाहिराती अडवणं कितपत चालेल! कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?

आणि आपल्या लेकरांचं काय? सीईटी, नीटचे फॉर्म नेट कॅफेत भरले जातात. एका खुर्चीवर दिवसभरात चाळीस पोरं बसतात. ब्राउझर प्रत्येकाला विचारतो, 'पासवर्ड सेव्ह करू का?' घाईत पोरगं 'हो' दाबतं आणि पुढच्याच्या हातात त्याचं खातं जातं. एक माणूस, एक लॅपटॉप असं धरून बनवलेली वस्तू आहे ही. आपलं नेट कॅफे त्यांच्या हिशेबातच नाही.

"मग स्वदेशी वापरा," असं म्हणणारे येतीलच. जरूर वापरा, पण झेंडा म्हणजे कुलूप नव्हे. २०१४ मध्ये आपल्याच सरकारी एनआयसीच्या यंत्रणेतून गुगलच्या नावाची खोटी डिजिटल प्रमाणपत्रं निघाली होती, आणि ती पकडली गुगलनं. मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर हुशार आहेत, यात वाद नाही. वाद हा आहे की त्यांचं नाव सांगून आपली संचालक मंडळं स्वतःची जबाबदारी झटकतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, त्यातले बरेच शनिवारी, एटीएममधून. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटींहून जास्त उडाले. हा पैसा कुणाचा? ठेवीदाराचा. सोयाबीन विकून ठेवलेला, पोरीच्या लग्नासाठी साठवलेला.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. अहवाल घेऊन, चहा पिऊन घरी येऊ नका. उभं राहून तीन प्रश्न विचारा:

१. उद्या कंपनीनं सेवा तोडली तर आपला बॅकअप कुणाच्या ताब्यात आहे, आणि त्यावरून काम पुन्हा सुरू करून कधी पाहिलंय का?
२. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मोठी रक्कम बाहेर जाताना कोण बघतं?
३. नुकसान झालं तर कंपनी किती भरून देणार? करारातलं ते कलम वाचून दाखवा.

"मोठ्या कंपनीचं आहे" हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. ते ऐकून खाली बसू नका. इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या, आणि काय उत्तर मिळालं ते इथं खाली लिहा.