पारा स्थिर झाला का?

तापमापक गरम पाण्यात बुडवताच विद्यार्थी आकडा लिहू लागला, की मी त्याला थांबवतो. पारा अजून चढत असतो. तो स्थिर झाला, की मगच नोंद घ्यायची. प्रयोगशाळेतील ही साधी शिस्त संगणकाच्या पडद्यावर मात्र पाळली जात नाही.

आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझर प्रथम पानाचा मजकूर आणतो आणि मग त्याला जोडलेली चित्रे व इतर फायली. हे सारे आले, की तो 'लोड' नावाचा इशारा देतो. सर्व्हरकडून पूर्ण भरलेले पान येई, तोवर हा इशारा पुरेसा होता. आजची अनेक वेब-ॲप्स आधी नुसता सांगाडा पाठवतात; खरी माहिती जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम मागाहून मागवतो. त्यामुळे 'लोड' झाले तरी निकालाचा तक्ता रिकामाच असू शकतो! तो केव्हा भरला, हे नेमके ठाऊक असते फक्त त्या ॲपला.

ॲप गप्प राहिले, की इतरांना अंदाज बांधावा लागतो. पाच सेकंद थांबावे, तर मंद जाळ्यावर ते अपुरे आणि जलद जाळ्यावर वाया. ॲपची चाचणी घेणारे काही प्रोग्रॅम अर्धा सेकंद कोणतीही देवघेव झाली नाही, तर काम संपले असे मानतात. पण सतत ताजी माहिती मागवणारे ॲप कधी शांत होतच नाही.

डोळस माणूस पडद्यावरचे फिरते चक्र पाहून थांबतो. अंध विद्यार्थ्याने काय करावे? त्याचा संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. रिकामा तक्ता ऐकून 'माझा निकालच नाही' असा त्याचा समज झाला, तर दोष कोणाचा?

उपाय उपलब्ध आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१४ साली मान्य केलेल्या 'एरिया' नियमावलीत 'एरिया-बिझी' ही खूण आहे. मजकूर भरत असताना ती चालू ठेवायची, भरून झाला की बंद करायची. त्याच नियमावलीप्रमाणे 'स्टेटस' म्हणून नेमलेल्या जागेत 'निकाल आला' असे लिहिले, तर वाचक-प्रोग्रॅम ते बोलून दाखवू शकतो. माहिती आली नाही, तर तेही तेथेच सांगावे. अपयश आले तरी प्रतीक्षा संपलेलीच असते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याने काम केले, त्यानेच ते संपल्याचे सांगितले पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी असा प्रोग्रॅम लिहील, तेव्हा त्याने हा शेवटचा इशारा विसरू नये.