नकाशा बारीक झाला, मग नदीत घाण कुणाची तेही कळणार का?

फोनच्या कॅमेऱ्यात लांबची पाटी डिजिटल झूम करून बघा. पाटी मोठी दिसते, अक्षरं मात्र फाटतात. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते झूम कुठून आणणार? अमेरिकेत एका मोठ्या प्रदूषण मॉडेलपुढे सध्या हाच प्रश्न आहे.

प्रकरण आहे पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराचं. ६ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून त्याचं पाणलोट क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं आहे. पावसाबरोबर तिथल्या शेतांमधलं खत, शेण आणि माती वाहून येते. नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे, खेकडे गुदमरतात. २०१० मध्ये सरकारने या प्रदूषणावर वार्षिक मर्यादा घातली. त्यासाठीची सगळी कामं २०२५ पर्यंत व्हायची होती, पण ती झाली नाहीत.

आता प्रत्येक बांधावरून वाहणारं पाणी कोण मोजणार? म्हणून कॉम्प्युटर मॉडेल वापरतात. पाऊस, उतार, माती, पीक आणि खताची माहिती दिली की कुठून किती घाण येते याचा अंदाज ते देतं. पैसा कुठे खर्च करायचा, हे ठरवताना हा अंदाज वापरला जातो.

इथे रिझोल्यूशन आडवं येतं. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या नेहमीच्या नकाशात एक पिक्सेल ३० बाय ३० मीटरचा असतो आणि त्याला एकच लेबल मिळतं. ओढ्याकाठची १० मीटर रुंद झाडांची पट्टी त्यात 'शेत' म्हणून गायब होऊ शकते. खरं तर तीच पट्टी गाळ आणि खत अडवते. उतारांचंही तसंच आहे. उंचीचा नकाशा जाडाभरडा असला की छोटे तीव्र उतार सपाट होतात आणि मातीची धूप कमी दिसते. नदीवर मोजलेल्या आकड्यांशी मॉडेलची एकूण बेरीज जुळवता येते, पण त्यातला वाटा नक्की कुठल्या ओढ्याचा, हे चुकू शकतं.

चेसापीकसाठी २०१६ मध्ये १ मीटरचा नकाशा तयार झाला. जुन्या एका चौकोनाच्या जागी आता ९०० चौकोन! मॉडेलची सातवी आवृत्तीही छोट्या ओढ्यांच्या पातळीवर उतरवण्याचं काम सुरू आहे.

मग प्रश्न सुटला? माझ्या मते अर्धाच. खताचे आणि जनावरांचे आकडे बऱ्याचदा काउंटीनुसार, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या एककानुसार मिळतात. ते शेतांवर वाटले की हात राखून खत टाकणारा आणि बेसुमार ओतणारा, दोघं मॉडेलला सारखेच दिसतात. झाडं कुठे लावायची, हे १ मीटरचा नकाशा छान सांगेल. पण अमुकच शेतकरी दोषी, असं त्यावरून म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यासाठी छोट्या ओढ्यांवर पाणी तपासणारे सेन्सर वाढवावे लागतील.

तुमच्या फोनवरचे पुराचे किंवा हवेच्या प्रदूषणाचे रंगीत नकाशेही असेच तपासा. तुमच्या गल्लीवर लाल रंग दिसला, तर आधी बघा: जवळचं मोजमाप केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि मधली जागा कशावरून रंगवली आहे?