आजारात आकसणारी ग्रंथी

गोवर, डांग्या खोकला किंवा लांबलेले जुलाब यांतून उठलेल्या मुलास पुढे महिना-दोन महिने जपावे, असा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचा आग्रह असे. ताप उतरला, मूल अंगणात खेळू लागले, तरी त्याला गर्दीत नेऊ नये आणि त्याच्या ताटात दोन घास अधिक वाढावेत, असे त्या सांगत. या आग्रहामागे अनुभव होता. त्यामागील एक महत्त्वाचे कारण शरीरशास्त्रास बरेच उशिरा उमगले. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर वसलेल्या एका मऊ, दुपाखी ग्रंथीत ते सापडते. तिचे नाव थायमस. बालपणी ही ग्रंथी भरदार असते आणि तारुण्यापासून हळूहळू आटत जाते. म्हणून आपल्या परिभाषाकारांनी तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आहे.

ही ग्रंथी म्हणजे श्वेतपेशींची पाठशाळाच होय. अस्थिमज्जेत जन्मलेल्या काही कोवळ्या पेशी रक्तावाटे येथे येतात आणि त्यांची दोनदा कसून परीक्षा होते. शरीराची स्वतःची ओळखखूण त्यांना वाचता येते की नाही, हे पहिल्या परीक्षेत पाहिले जाते. त्या स्वकीयांवरच तर उलटणार नाहीत ना, हे दुसऱ्या परीक्षेत पाहिले जाते. निकाल मोठा कठोर असतो. शंभरांतून जेमतेम दोन ते पाच पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. उरलेल्या तेथेच मरतात. बाहेर पडलेल्या पेशींना ‘टी-पेशी’ म्हणतात. थायमसच्या आद्याक्षरावरूनच हे नाव आले आहे. जंतूंशी चालणाऱ्या युद्धात सेनापती आणि सैनिक अशा दोन्ही भूमिका याच पेशी बजावतात.

इतके मोलाचे कार्य करणारी ही ग्रंथी शतकानुशतके निरुपयोगी मानली गेली होती. १९६१ मध्ये लंडन येथे जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांच्या अंगी लसिकापेशींचा तुटवडा पडला, ते संसर्गांना सहज बळी पडू लागले आणि परक्या उंदराच्या कातडीचे कलमही त्यांनी विनातक्रार स्वीकारले. ग्रंथीचे खरे काम तेव्हा कोठे उजेडात आले.

परंतु त्यापूर्वीच तिच्याविषयीच्या एका गैरसमजाने अनेक बालकांचे नुकसान करून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात शवविच्छेदनासाठी येणारी बहुतेक प्रेते गरिबांची, दीर्घ आजाराने व उपासमारीने झिजून मेलेल्यांची असत. अशा मुलांच्या छातीत थायमस आकसून चिमुकली झालेली असे, आणि तोच तिचा स्वाभाविक आकार अशी समजूत रूढ झाली. मग एखादे धडधाकट मूल अकस्मात दगावले आणि त्याच्या छातीत भरदार ग्रंथी आढळली, की तिनेच श्वासनलिका दाबून जीव घेतला, असा निष्कर्ष निघे. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी अशा मुलांची प्रकृतीच मुळात सदोष असते, असा सिद्धान्त मांडला. १९०७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका अर्भकाची ग्रंथी क्ष-किरणांनी लहान करण्यात आली, आणि पुढील चार दशकांत तिकडे हजारो निरोगी अर्भकांवर हाच उपाय केवळ खबरदारी म्हणून योजला गेला. १९३१ मध्ये ब्रिटनमधील तपासणीने हा सिद्धान्त निराधार ठरविला. तरीही उपचार थांबला नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी गळ्यातील अवटु ग्रंथीचा कर्करोग झालेल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिलेले आढळले. आजारी शरीराचे माप निरोगी शरीराला लावल्याने हे घडले.

आजारात ही ग्रंथी आकसते तरी कशी? स्वीडनमधील उप्सालाचे शरीरशास्त्रज्ञ हामर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन प्रकारचे संकोच वेगळे दाखविले होते : एक वयोमानाने होणारा, आणि दुसरा आजार वा उपासमारीने अवचित होणारा. १९३६ मध्ये माँट्रिअल येथे हान्स सेली यांनी उंदरांना थंडी, जखम, विष अशा नाना प्रकारांनी पीडा दिली. कारण कोणतेही असो, दोन दिवसांच्या आत थायमस झपाट्याने लहान होई आणि अधिवृक्क ग्रंथी फुगे. आज आपणांस ठाऊक आहे, की संसर्गाची वर्दी मिळताच अधिवृक्क ग्रंथी जो स्राव सोडते, त्याने थायमसमधील कोवळ्या, अर्धशिक्षित पेशी मोठ्या संख्येने मरतात. त्याच वेळी अस्थिमज्जेतून येणारे नवे विद्यार्थीही कमी होतात. काही जंतू तर पाठशाळेतच घुसतात. गोवराचा आणि एड्सचा विषाणू थायमसच्या पेशींना प्रत्यक्ष ग्रासतो. उंदरांवरील प्रयोगांत क्षयाच्या वर्गातील जंतू या ग्रंथीत ठाण मांडताना आढळले. तेथे शिकून बाहेर पडणाऱ्या पेशी त्या जंतूला शत्रू मानीनाशा होतात. वर्गात नित्य बसलेल्या चोरालाच विद्यार्थ्यांनी घरचा माणूस समजावे, तसा हा प्रकार!

येथे वाचकांनी घाबरून जाऊ नये. आधी शिकून बाहेर पडलेल्या पेशी रक्तात फिरत असतातच. थांबते ती नवी भरती. बहुतेक आजारांत ग्रंथी पुन्हा भरते, कधी कधी तर पूर्वीपेक्षाही मोठी होते. पण यास वेळ लागतो. बोलिव्हिया देशात कोचाबांबा येथे तीव्र कुपोषित बालकांच्या थायमसचे माप श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्राने वेळोवेळी घेण्यात आले. मुलांचे वजन सुमारे महिन्याभरात भरून आले. थायमस भरून येण्यास मात्र दोन महिने लागले. वजनकाट्याने मूल ‘बरे’ म्हणून घरी पाठविले, तेव्हा त्याची पाठशाळा अद्याप अर्धीच उघडलेली होती! गोवरात तर जुन्या शत्रूंची ओळख जपणाऱ्या पेशीही मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. म्हणून त्यानंतरचा काळ अधिकच जपण्याचा असतो.

या साऱ्यातून गृहिणींनी आणि पालकांनी चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, पथ्याच्या नावाखाली आजारी मुलास उपाशी ठेवू नये. तान्ह्याचे अंगावरचे दूध चालूच ठेवावे, आणि मूल बरे झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. वरण, अंडे, दूध, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात असेल ते. दुसरी, गोवराची लस वेळेवर टोचून घ्यावी. आपल्याकडे तिची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. साध्या सर्दीपडशासाठी ती लांबणीवर टाकू नये. तिसरी, तान्ह्या बाळाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात हृदयावर रुंद छाया दिसली, तर डॉक्टरांस अवश्य विचारावे. पुष्कळदा ती भरदार थायमसच असते आणि तिचे भरदार असणे हे आरोग्याचे लक्षण होय. चौथी, ही ग्रंथी वाढविण्याचा दावा करणाऱ्या बाटल्यांवर पैसा खर्चू नये. तो दूध-अंड्यांवर खर्चावा.

ताप उतरणे म्हणजे आजार संपणे नव्हे. मूल हसू-खेळू लागल्यानंतरही त्याच्या छातीत डागडुजीचे काम आठवड्यांमागून आठवडे चालू असते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण आपला हात आखडता घेऊ नये.