भीती वाटणे हा गुन्हा नाही

दरवर्षी १ जानेवारीच्या आधी आमच्या मालवण तालुक्यातल्या वस्त्यांमधून भीमा कोरेगावला गाड्या निघतात. परत आल्यावर सभा होते आणि सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपल्या रक्तातच शौर्य आहे, भीती आपल्याला माहीत नाही!" टाळ्या पडतात. आम्हीही हे वाक्य व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहोत. आता बोलवत नाही.

कारण हे वाक्य आपले नाहीच. काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ, हा सिद्धांत इंग्रज सेनापतींचा. तो मनुस्मृतीच्या शेजारीच शोभतो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या, 'नाक' ने संपणाऱ्या नावांच्या आमच्या पूर्वजांना ज्यांनी स्तंभावर कोरले, त्यांच्याच वारसांनी १८९२ साली महारांची भरती बंद केली. पुढे महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली, १९२१ साली मोडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा सुरू झाली. मग आमच्या रक्तातले शौर्य १८९२ ला आटले, १९१७ ला उसळले आणि १९२१ ला पुन्हा आटले काय? दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांना भरतीच्या अर्जात "आम्ही मूळचे क्षत्रिय" असे मांडावे लागले. त्या सरकारला दुसरी भाषा कळत नव्हती. आपल्याला कळते ना?

६ जून १९४४ ला मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. होडीत थरथरणारे, ओकणारे सैनिक आपण सिनेमात पाहतो आणि त्यांना शूरच म्हणतो. बरोबरच आहे. त्याच उन्हाळ्यात इटलीवरच्या स्वारीत आपल्या कोकणची मुले होती. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, ते एकटे उरले. एकट्याने मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून झुंजले आणि तिथेच मारले गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. सगळे सोबती डोळ्यांदेखत पडलेले असताना या माणसाच्या मनात भीती नव्हती, असे म्हणणारा त्यांचा गौरव करतो की त्यांना दगड ठरवतो?

वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या १९५० च्या सेना कायद्याच्या कलम ३४ मध्ये शत्रूसमोर भ्याडपणे वागल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. शिक्षा वागण्याला आहे. भीती वाटण्याला कायद्यात कलम नाही. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्यांना आपल्याच बंदुकांनी उडवले, त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायदा करून माफी दिली. तोफगोळ्यांनी मन मोडलेली कित्येक पोरे त्यात होती. नव्वद वर्षे त्यांच्या घरांनी ती लाज वाहिली.

आमच्या वस्तीत १९७१ च्या लढाईतले एक निवृत्त हवालदार आहेत. सभेत त्यांना शाल मिळते, भाषण मिळत नाही. एकदा ओटीवर बसून बोलताना म्हणाले, सीमा ओलांडायच्या रात्री बुटाची नाडी बांधता येईना, इतके हात कापत होते. शेजारच्याने बांधून दिली. त्याचेही कापतच होते. मग दोघे उठले आणि चालू लागले.

आम्ही म्हटले, "अण्णा, येत्या १ जानेवारीला हेच सांगा."

"नको रे," ते म्हणाले, "पोरां काय म्हणतली?"

यंदाच्या सभेच्या पत्रिकेत त्यांचे नाव वक्ता म्हणून घालायचे आम्ही ठरवले आहे. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही.